माल एप्रिलमध्ये, बिल मार्चमध्ये

वाचकाचं पत्र:

आदरणीय सर,
मी एका जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात लेखा शाखेत वरिष्ठ लिपिक आहे. या शाखेत येऊन चौदा महिने झाले. जिल्हा वार्षिक योजनेतून आम्हाला ११ पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवायला ५८ लाख मंजूर झाले. निधी बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) आला तो थेट फेब्रुवारीच्या शेवटी. पुरवठादाराने आजवर ७ ठाण्यांत कॅमेरे बसवले. उरलेल्या ४ ठाण्यांचा माल ‘एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नक्की’ म्हणतो, पण बिल मात्र ११ ठाण्यांचं, पूर्ण ५२ लाखांचं दिलंय. हेडक्लार्क म्हणतात, ३१ मार्चच्या आत काढलं नाही तर ग्रँट लॅप्स होईल, भांडारवाल्याला स्टॉक एन्ट्री करायला सांगितलंय, तुम्ही बिल टाका. दर कमी आल्यामुळे ६ लाख वाचतात. त्यातून कॉन्फरन्स हॉलला एसी आणि खुर्च्या घ्यायच्या, दोन वेगळ्या कोटेशनमध्ये बसवा, असा साहेबांचा तोंडी निरोप आहे. ५ एप्रिलपर्यंत पूर्ण रकमेचं यूसी (उपयोगिता प्रमाणपत्र) जायचंय, तेही मीच टाईप करणार.
साहेब पैसे खाणारे नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. सगळं ऑफिससाठीच चाललंय. मग यात चूक आहे का? मी फक्त टाईप करणारी, माझ्यावर काही येईल का? नाही म्हटलं तर बदली होईल, आणि मुलगी पुढच्या वर्षी दहावीला आहे.
जाता जाता एक. गेल्या वर्षी एका ठाण्याच्या महिला मदत कक्षासाठी घेतलेलं कपाट आमच्या रीडर शाखेत आलंय. कागदावर ते कक्षातच आहे. तेही मनाला लागून राहिलंय.
— एक वाचक

ताई,

तुमचं पत्र माझ्या हाती पडलं तेव्हा मार्चचे अकरा दिवस उरले होते. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून.

५२ लाखांचं बिल टाकू नका. सात ठाण्यांत जेवढं लागलंय, चालू आहे आणि तपासून घेतलंय, तेवढ्याचंच टाका. समजा ते ३३ लाख होतं, तर ३३. उरलेल्या चार ठाण्यांचे १९ लाख आणि वाचलेले ६ लाख बीडीएसवरून परत करा, आणि ३१ तारखेची वाट न पाहता याच आठवड्यात करा. यूसी द्यायचं ते ३३ लाखांचं. हे साहेबांच्या पाठीमागे करायचं नाही. सगळं नस्तीवर (फाईलवर), त्यांच्या सहीने होऊ द्या.

आता तुमचा खरा प्रश्न: साहेब खात नाहीत, पैसा ऑफिसलाच लागतोय, मग चूक कुठे?

मी लेखा विभागात आयुष्य काढलं. त्यातली काही वर्षं पोलीस घटकांत गेली. हा प्रश्न मला फार प्रामाणिक माणसांनी विचारला आहे. त्यांना वाटतं की नियम चोरांसाठी असतात. तसं नाही. अनुदानाचा पैसा ऑफिसला मिळत नाही, तो एका कामाला मिळतो. संविधानाच्या अनुच्छेद २६६(३) मध्ये हेच आहे: एकत्रित निधीतला पैसा कायद्यानुसार, आणि संविधानाने सांगितलेल्या प्रयोजनासाठी व रीतीनेच बाहेर पडेल. विधिमंडळाने मागणी मंजूर करायची, जिल्हा नियोजन समितीने आराखडा करायचा, कलेक्टरांनी प्रशासकीय मान्यता द्यायची, या सगळ्या पायऱ्या त्या एका शब्दासाठी आहेत. प्रयोजन. तुमच्या प्रशासकीय मान्यतेच्या आदेशावर काय लिहिलंय? ११ पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही यंत्रणा. कॉन्फरन्स हॉलमधला एसी खरोखर गरजेचा असेल, उन्हाळ्यात तिथे बसणाऱ्या माणसांबद्दल मला आस्था आहे, पण त्या कागदावर तो नाही.

‘लॅप्स’ या शब्दाने सगळं ऑफिस घाबरतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. ग्रँट लॅप्स झाली म्हणजे पैसा बुडाला असं नाही. पैसा राज्याच्या तिजोरीतच राहतो. संपते ती त्या वर्षात तो खर्च करण्याची परवानगी. वेळेत खर्च का झाला नाही, असा खुलासा कदाचित मागतील. निधी फेब्रुवारीच्या शेवटी आला, पुरवठादाराने चार ठाण्यांचा माल दिला नाही, हा खुलासा एका परिच्छेदात होतो आणि तो खरा आहे. खोट्या स्टॉक एन्ट्रीचा खुलासा मात्र कितीही पानं लिहिली तरी होत नाही. शिवाय महाराष्ट्र कोषागार नियमांत साफ आहे की तातडीने द्यायच्या रकमेशिवाय कोषागारातून पैसा काढू नये, आणि निव्वळ अनुदान व्यपगत (लॅप्स) होऊ नये म्हणून तर मुळीच काढू नये. हेडक्लार्क जे कारण पुढे करताहेत, नेमकं तेच कारण नियमाने नाव घेऊन नाकारलं आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्येही नियम ६२(३) सांगतो की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली खर्चाची घाई हा वित्तीय औचित्याचा भंग समजावा. ते नियम केंद्राच्या पैशाला लागतात, जिल्हा योजनेला आपले राज्याचे नियम आहेत. पण सूत्र एकच.

आणि परत करणं याच आठवड्यात का? कारण आज परत केलेले २५ लाख जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांना अजून दुसऱ्या यंत्रणेकडे वळवता येतात. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं, एखाद्या शाळेचं बिल पैशावाचून अडलेलं असतं. ३१ तारखेच्या रात्री परत केले तर ते कुणाच्याच कामाचे राहत नाहीत. तुमच्या चार ठाण्यांचं काम मरत नाही. पुरवठा आदेश दिलेला आहे, म्हणजे ते दायित्व आहे, आपण देणं लागतो. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आधी दायित्वाला निधी देतात, मग नव्या कामांना. त्यासाठी निधी परत करतानाच नियोजन कार्यालयाला पत्र द्या: अमुक मान्यतेपैकी इतकं काम पूर्ण, इतकं बाकी, बाकीचं दायित्व १९ लाख, सन अमुकच्या तरतुदीतून मिळावं.

आता त्या चार ठाण्यांबद्दल. हे मी मुद्दाम लांबवून लिहिणार आहे, कारण तुमच्या पत्रात कॅमेरा हा केवळ ‘माल’ म्हणून आलाय.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात आदेश दिला, की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची सगळी दारं, सगळ्या कोठड्या, व्हरांडे, निरीक्षकांची खोली, ठाणे अंमलदाराची जागा, मागची बाजू, काहीही सुटता कामा नये. अंधारात दिसलं पाहिजे, आवाजही टिपला गेला पाहिजे. रेकॉर्डिंग १८ महिने टिकलं पाहिजे, आणि तशी यंत्रणा बाजारात नसेल तर शक्य तितकं जास्त, पण एक वर्षापेक्षा कमी नाही. कॅमेरे चालू ठेवण्याची आणि रेकॉर्डिंगची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली. देखरेखीला जिल्हा पातळीवर समिती नेमायला सांगितली आणि त्या समितीत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक दोघेही आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली.

हे कॅमेरे कोठडीतल्या माणसासाठी आहेत. रात्री अडीच वाजता आत टाकलेल्या पोराला मारहाण झाली का, हे सांगणारा तिथे दुसरा कुणी नसतो. आणि ते कॅमेरे पोलिसासाठीही आहेत. मारहाण झालेली नसताना आरोप झाला, तर ठाणे अंमलदाराच्या बाजूने बोलणारा साक्षीदारही तोच.

तर ताई, कल्पना करा. ३० मार्चच्या स्टॉक एन्ट्रीप्रमाणे त्या चारपैकी एका ठाण्यात कोठडीवर कॅमेरा आहे. प्रत्यक्षात भिंतीवर खिळासुद्धा नाही. ४ एप्रिलच्या रात्री त्या कोठडीत एक माणूस दगावला. न्यायालय म्हणणार, फुटेज आणा. ठाण्याचे पीआय म्हणणार, कॅमेरा नव्हता. त्यावर समोरचा वकील माहिती अधिकारात मिळवलेली तुमच्या देयकाची प्रत काढणार. तिच्यावर ‘साहित्य मिळाले, तपासून घेतले, साठा नोंदवहीत नोंद घेतली’ हा शिक्का, खाली सही, तारीख ३० मार्च. त्या क्षणी फुटेज नष्ट केल्याचा संशय त्या पीआयवर येतो, ज्याने काहीच केलेलं नाही. तुमच्या साहेबांना हे कुणी सांगितलंय का? मला वाटतं, नाही. त्यांच्यापर्यंत फक्त ‘ग्रँट लॅप्स होतेय सर’ एवढंच पोचलंय. आणि यूसी जातं जिल्हाधिकाऱ्यांकडेच, जे नियोजन समितीचे सदस्य सचिव आहेत आणि कॅमेऱ्यांच्या देखरेख समितीतही आहेत. एका टेबलावर ‘११ ठाण्यांत बसले’ आणि दुसऱ्या टेबलावर ‘७ ठाण्यांत चालू’. हे दोन कागद एकमेकांना भेटायला किती दिवस लागतील?

भेटतातच, हे मी पाहिलंय. नोकरीच्या सुरुवातीला एका पोलीस घटकात मी लेखा शाखेत होतो. मार्चमध्ये वायरलेस संचांचं बिल निघालं. माल आलेला नव्हता, पण साठा नोंदवहीत तारीख पडली ३० मार्च. भांडाराचे लिपिक पापभीरू गृहस्थ होते, सही करताना त्यांनी दोनदा पेन खाली ठेवलं, मला आजही दिसतं. पुढच्या वर्षी महालेखापालांची तपासणी आली. त्यातल्या एका शांत लेखापरीक्षकाने नोंदवही पाहिली, खोकी पाहिली, काही बोलला नाही. चहा झाल्यावर म्हणाला, मुख्यालयाच्या गेटवरचं रजिस्टर मागवता का? गेटवर गार्ड असतो आणि गार्ड अंमलदार प्रत्येक गाडीचा नंबर लिहितो. त्या रजिस्टरमध्ये ट्रान्सपोर्टचा टेम्पो आत आल्याची नोंद होती, ९ जून, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. खोक्यांची संख्याही लिहिलेली. त्याने दोन्ही रजिस्टरं शेजारी शेजारी ठेवली आणि आपल्या वहीत उतरवून घेतली. एवढंच.

पुढची चौकशी वर्षानुवर्षं चालली. ज्या अधिकाऱ्यांनी ‘करून टाका’ म्हटलं होतं, ते केव्हाच बदलून गेले होते, आणि त्यांनी लेखी काही दिलेलंच नव्हतं. वेतनवाढी रोखल्या गेल्या त्या भांडाराच्या लिपिकाच्या. निवृत्तीनंतर ते ग्रॅच्युइटीसाठी दर महिन्याला ऑफिसच्या पायऱ्या चढायचे. मी त्यांना सही करण्यापासून अडवलं नाही. तेव्हा मला बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून आज तुम्हाला इतकं लांब पत्र लिहितोय.

‘मी फक्त टाईप करणारी’ हे वाक्य म्हणूनच सोडून द्या. बिलावर सही आहरण व संवितरण अधिकाऱ्याची, म्हणजे पैसे काढण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याची असते, बरोबर. पण टिपणीच्या डाव्या कोपऱ्यात तुमची आद्याक्षरं असतात आणि चौकशी नेहमी खालून वर जाते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३४४, म्हणजे जुनं ४७७-अ, हिशेब खोटे करण्याबद्दल आहे. त्यात पहिला उल्लेखच कारकुनाचा आहे, मग अधिकारी, मग नोकर. शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्यासाठी जाणीवपूर्वक आणि फसवणुकीच्या हेतूने केलेलं असावं लागतं, त्यामुळे कुणी उद्या सकाळी तुम्हाला अटक करणार नाही. पण चार ठाण्यांत माल नाही हे तुम्हाला आज माहीत आहे, तुम्ही ते मला लिहून कळवलंय. माहीत असताना उलट लिहिणं आणि नजरचुकीने चूक होणं, यात मोठा फरक आहे.

आता करायचं काय. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे पुरवठा आदेश उघडून वाचा. टप्प्याटप्प्याने देयक द्यायची अट आहे का, मुदत कधी संपते, विलंबासाठी दंड किती, आगाऊ रक्कम द्यायची तरतूद आहे का. बहुतेक आदेशांत आगाऊ रकमेची तरतूद नसते. केंद्राच्या नियमांत ती जिथे असते तिथेही खाजगी पुरवठादाराला ३० टक्क्यांच्या वर नाही, आणि त्यासाठी बँक गॅरंटी घ्यावी लागते. तुम्ही १०० टक्के द्यायला निघालाय, आणि तेही माल मिळाला असं लिहून. मग वॉरंटीही मार्चपासून मोजली जाते, ती वेगळीच. पूर्ण पैसे हातात पडल्यावर त्या चार ठाण्यांकडे पुरवठादाराची माणसं कोणत्या वेगाने येतील, हे मी सांगायला नको. घरी चार खोल्यांचं वायरिंग बाकी असताना वायरमनला आपण पूर्ण पैसे देतो का? सरकारी खर्चात स्वतःच्या पैशाइतकीच दक्षता घ्यावी, हे वित्तीय औचित्याचं पहिलं तत्त्व म्हणून छापलेलं आहे.

मग सात ठाण्यांच्या प्रभारींकडून बसवल्याचा अहवाल मागवा. किती कॅमेरे, कुठे कुठे, प्रत्येकाचा सिरीयल नंबर, रेकॉर्डिंग चालू आहे का आणि किती दिवसांचं साठतं, तारीख, सही. पंचनामा जसा करतात तसा. ‘सुस्थितीत बसविले’ एवढ्या दोन शब्दांचा अहवाल घेऊ नका. साठवण मान्य तपशिलाप्रमाणे नसेल तर ती आत्ताच कळली पाहिजे, बिल निघाल्यावर नव्हे.

त्यानंतर टिपणी. मी साधारण अशी लिहिली असती:

‘सादर. संदर्भीय प्रशासकीय मान्यतेनुसार ११ पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही यंत्रणा बसविणेबाबत पुरवठा आदेश देण्यात आला आहे. आजअखेर ७ पोलीस ठाण्यांत यंत्रणा कार्यान्वित झाल्याचे अहवाल प्राप्त आहेत (पृ. अमुक ते अमुक). उर्वरित ४ पोलीस ठाण्यांचे साहित्य अद्याप प्राप्त नाही. पुरवठादाराने ११ ठाण्यांचे देयक सादर केले आहे. प्राप्त साहित्यापुरते देयक पारित करणे, उर्वरित रक्कम रु. १९ लाख व निविदेतील बचत रु. ६ लाख विहित मुदतीत प्रत्यर्पित करणे, ४ ठाण्यांचे दायित्व पुढील वर्षी मागणी करणे व पुरवठादारास विलंबाबाबत नोटीस देणे उचित होईल. आदेशार्थ सादर.’

यात कुणावर आरोप नाही. हेडक्लार्कचं नाव नाही, तोंडी निरोपाचा उल्लेख नाही. फक्त जे आहे ते आहे. या टिपणीखाली ‘पूर्ण देयक काढा’ असा शेरा लिहून सही करणारा अधिकारी मला चाळीस वर्षांत फारच क्वचित भेटला. तोंडी सांगणारे पुष्कळ भेटले. आणि तरीही तोंडी आदेश आलाच, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ चा नियम ३ तुमच्या बाजूने आहे. वरिष्ठांचे आदेश साधारणपणे लेखी असावेत, तोंडी दिले तर नंतर लेखी पुष्टी द्यावी, आणि हाताखालच्याने ती मागावी, असं तो सांगतो. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा नाही, ते तुमचं कर्तव्य आहे.

टिपणी वर पाठवायच्या आधी साहेबांना पाच मिनिटं भेटा. हेडक्लार्कना सोबत घेऊन जा, त्यांना डावलून नको. तेही घाबरलेले आहेत, दुष्ट नाहीत. आणि आत गेल्यावर ‘सर, हे नियमात बसत नाही’ या वाक्याने सुरुवात करू नका. पोलीस अधिकाऱ्याला दिवसभरात हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागतं की ते कानावरून जातं. असं म्हणा: ‘सर, चार ठाण्यांत कॅमेरे नाहीत आणि बिलावर आपण ते आहेत असं लिहितोय. तिथल्या कोठडीत उद्या काही झालं तर न्यायालय आपल्याकडे फुटेज मागेल.’ मग थांबा. त्यांना विचार करू द्या. पोलीस माणसाला हे वाक्य नियमांच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतं. मग पर्याय सांगा, की सात ठाण्यांचं बिल उद्याच लावते, बाकीचं दायित्वात घेऊ, पत्राचा मसुदा तयार आहे. नकारासोबत तयार मसुदा असला की वरिष्ठांना तो नकार वाटत नाही.

सहा लाखांबद्दल थोडक्यात. बचत ही ऑफिसची कमाई नसते. सीसीटीव्हीच्या मान्यतेतून फर्निचर घेता येत नाही. कार्यालयीन खर्च वेगळा, यंत्रसामग्री वेगळी, वाहनं वेगळी, प्रत्येकाला वेगळं उद्दिष्ट शीर्ष (हिशेबाचं वेगळं खातं) आहे ते उगीच नाही. हॉलचा खरा प्रस्ताव करा, अंदाजपत्रक जोडा, पुढच्या वर्षी नियोजन समितीसमोर ठेवा किंवा खात्याच्या कार्यालयीन खर्चातून मागा. मिळेल, थोडं उशिरा. आणि एकाच खरेदीचे दोन तुकडे करून दोन कोटेशनमध्ये बसवणं, म्हणजे निविदेची मर्यादा टाळणं, ही खरेदी नियमांत स्वतंत्र चूक आहे. केंद्राचा नियम १५७ त्यावरच आहे, राज्याच्या खरेदी कार्यपद्धतीतही तेच आहे. लेखापरीक्षक हे कसं पकडतात माहीत आहे? दोन्ही कोटेशनच्या तारखा आणि पुरवठादार पाहतात. एकाच आठवड्यात, एकाच दुकानाच्या दोन पावत्या. यात कसलीही हुशारी लागत नाही.

कुणी आणखी एक वाट सुचवेल: पैसे काढून डीडी बनवून कपाटात ठेवू, किंवा बँकेत ठेवू, माल आला की देऊ. नको. हे तर व्यपगत होऊ नये म्हणून पैसा काढण्याचं सरळसरळ उदाहरण झालं.

यूसीबद्दल. उपयोगिता प्रमाणपत्र यातला ‘प्रमाणपत्र’ हा शब्द लोक विसरतात आणि तो एक रकाने भरायचा तक्ता समजतात. त्याचा अर्थ असा की मी पैसा मिळालेला पाहिला, ज्या कामाला दिला त्याच कामाला लागलेला पाहिला, आणि त्याची खात्री देतो. त्यात मिळालेले ५८, खर्च ३३, परत केलेले २५, कोणत्या तारखेला परत केले त्याचा बीडीएस क्रमांक, असं लिहा. शिल्लक दाखवणारं यूसी चुकीचं नसतं. केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण योजनेत, जिथे आपल्यासारख्या राज्यांना ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य असा वाटा असतो, तिथेही आधीच्या पैशाचं यूसी गेल्याशिवाय पुढचा हप्ता अडतो. त्यामुळे वरून ‘यूसी द्या, यूसी द्या’ असा धोशा असतो, आणि त्या धोशाने माणसं पूर्ण आकडा टाकून मोकळी होतात. वेळेवर दिलेलं खरं, अपुरं यूसी चालतं. नियोजन कार्यालयाला फोन करून विचारा, ते हेच सांगतील.

बदलीची भीती मला हसण्यावारी न्यायची नाही. घरात पुढच्या वर्षी दहावी असताना तालुका बदलणं काय असतं ते मला माहीत आहे. राज्याच्या २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमात साधारण पदावधी तीन वर्षांचा आहे. त्याआधी हलवायचं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. तसं न करता हलवलं तर मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) दाद मागता येते, आणि अशा बदल्या तिथे रद्द झालेल्या आहेत. एक शक्यता आहे, ती लपवत नाही: त्याच ऑफिसात लेखा शाखेतून आवक-जावकला बसवलं जाऊ शकतं. झालं तर जा. घर तेच राहील, मुलीची शाळा तीच राहील. एक काळजी मात्र घ्या. नस्तीची पानं घरी नेऊ नका. आपल्या रोजच्या वहीत तारीख, नस्ती क्रमांक, टिपणी कधी वर गेली, कधी खाली आली, एवढं लिहून ठेवा.

राहिलं ते कपाट. ते छोटं वाटलं म्हणून तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मला ते छोटं वाटत नाही. महिला मदत कक्षांसाठी निर्भया निधीतून ठाण्यामागे १ लाख रुपये मंजूर झाले होते. त्या एका लाखात टेबल, खुर्ची, कपाट आणि थोडा आडोसा होतो. कक्षात येणारी बाई कधी फाटलेला ब्लाऊज पिशवीत घालून आणते, कधी नवऱ्याने फोडलेला मोबाईल आणते, कधी सासूच्या चिठ्ठ्या आणते. ते कुलपात राहावं, दहा जणांच्या डोळ्यांसमोर टेबलावर पडू नये, यासाठी ते कपाट आहे.

हे तुम्हाला कुणाची परवानगी न मागता सुधारता येईल असं काम आहे. रीडर शाखेला ‘नजरचुकीने आलेलं’ असं पत्र द्या, एमटीकडून (वाहन शाखेकडून) गाडी मागा, कपाट ठाण्यात पोचवा, डेड स्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर) ठाण्याची पोच घ्या. रीडर साहेबांना कपाट लागत असेल तर त्यांची मागणी कार्यालयीन खर्चातून टाका, ती तर तुमच्याच टेबलावर येते. आणि कपाट पोचलं की त्या कक्षातल्या महिला अंमलदाराला फोन करून विचारा, किल्ली मिळाली का.